कर्ज थकलं म्हणजे गुन्हा झाला का?



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटलं होतं, तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आहेत, गीतेवर बोलतील, फार तर शंकराचार्यांवर. आम्ही म्हटलं, कर्जावर बोलू. कर्ज थकल्यावर माणसाचं काय होतं आणि कायदा त्याला काय म्हणतो, यावर. ते जरा थांबले आणि म्हणाले, "सर, लोक येतील, पण पुढच्या रांगेत कुणी बसणार नाही." पाहा, पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत.

त्या का रिकाम्या आहेत, हे आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे बसलं तर लोक म्हणतील, याचं थकलेलं दिसतंय. वसुलीला येणाऱ्या माणसाला ही लाज फार उपयोगी पडते. तो घरात न येता दारात उभा राहतो, शेजाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलतो. त्याच्या हातात कोर्टाचा हुकूम नसतो, अधिकार तर त्याहून कमी असतो. पण आपण आवाज खाली यावा म्हणून शेजाऱ्याकडून हातउसने घेऊन हप्ता भरतो. एक कर्ज फेडायला दुसरं. तेव्हा आज आम्ही दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवणार आहोत. देणं ही एक गोष्ट, आणि देणं फेडता न येणं हा गुन्हा किंवा पाप मानणं ही दुसरी. पहिली खरी आहे, ती राहते. दुसरी आपल्या डोक्यात आहे. कायद्याने ती केव्हाच सोडून दिली.

आम्ही वकील नाही, हे आधीच सांगतो. आज सांगू ते सर्वसाधारण ज्ञान आहे. स्वतःच्या प्रकरणासाठी वकिलाकडे जावं. फी परवडत नसेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, तिथे जावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. १५१०० हा त्यांचा फोन नंबर. लिहून घ्या.

आता थोडं आमच्या विषयाचं. प्लेटोचा 'रिपब्लिक' हा ग्रंथ सुरू होतो तोच या प्रश्नाने. न्याय म्हणजे काय? एक म्हातारा, श्रीमंत गृहस्थ सांगतो की खरं बोलावं आणि ज्याचं घेतलं त्याचं परत करावं, झाला न्याय. सॉक्रेटिस त्याला विचारतो, मित्राने शुद्धीवर असताना तुझ्याकडे शस्त्र ठेवायला दिलं, मग त्याचं डोकं फिरलं आणि तो ते मागायला आला, तर परत करशील? म्हातारा म्हणतो, नाही. म्हणजे घेतलेलं परत करणं हा चांगला नियम आहे, पण सगळा न्याय त्यात मावत नाही. त्याच अथेन्समध्ये त्याआधी, इसवी सनापूर्वी ५९४ च्या सुमारास, सोलोन नावाच्या माणसाने कायदा केला की यापुढे माणसाचं शरीर तारण ठेवून कर्ज देता येणार नाही. तोवर कर्ज फिटलं नाही की माणूस गुलाम व्हायचा.

आपल्याकडेही ऋण हा शब्द फार मोठा आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. त्याच शब्दाने आपण सावकाराचं देणंही मोजलं आणि धर्मशास्त्राने ते मुलाच्या, नातवाच्या डोक्यावर ठेवलं. बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धार्मिक कर्तव्य, असं ब्रिटिश काळातली न्यायालयंही धरून चालली. ही गोष्ट संपली कधी? २००५ साली. हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती झाली. बहुतेकांना त्यातला मुलींचा वाटा तेवढा आठवतो. पण त्याच दुरुस्तीत लिहिलं आहे की त्यानंतर काढलेल्या कर्जासाठी, केवळ मुलगा आहे म्हणून, मुलावर न्यायालयात जाता येणार नाही. वडिलांकडून जमीन, घर, ठेव मिळाली असेल तर तेवढ्यापुरतं कर्ज तिच्यातून वसूल होईल. मिळालेल्या मिळकतीपलीकडे तुमच्या स्वतःच्या कमाईला हात लागत नाही, तुम्ही स्वतः जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केलेली नसेल तर. वडील गेल्यावर तेराव्याच्या आत दारात येऊन कुणी कोऱ्या कागदावर मुलाची सही मागितली तर ती देऊ नये, ती एवढ्यासाठी.

'दिवाळं' हा शब्द पाहा. जुन्या बाजारपेठेत व्यापारी बुडाला की पेढीवर दिवसाढवळ्या दिवा लावून ठेवायचा, त्यावरून हा शब्द आला असं सांगतात. खरंखोटं शब्दकोशवाले जाणोत. आपल्याला त्यात रस एवढाच की तो लपत नव्हता. बुडालो आहे, येऊन पाहा, आहे ते वाटून घ्या, असं तो सांगत होता. देहूचे तुकोबाही व्यापारी घरातले. दुष्काळात त्यांचा व्यापार बुडाला, आणि लोकांकडून यायच्या कर्जाच्या खतांपैकी आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. आपण बुडाल्यावर दुसऱ्याला बुडवायचं नाही म्हणून ऋणकोची सुटका करणारा धनको, असं उदाहरण दुसरं सहज सापडणार नाही.

पण आपल्या भागात ही सुटका संतामुळे आली नाही, दंग्यामुळे आली. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे, आठवड्याचा बाजार. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते कागद. कर्जरोखे, खतं, हुकूमनामे. बऱ्याच ठिकाणी सावकाराने कागद काढून दिले तर त्याला हात लावला नाही. कागद जाळले आणि लोक गेले. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य कायदा केला. तो पहिल्यांदा चार जिल्ह्यांना लागू झाला: पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर. म्हणजे आपलाही जिल्हा त्यात होता. जेऊर, करमाळा, कंदर इथल्या तुमच्या खापरपणजोबांना त्याचं संरक्षण मिळालं असणार.

त्या कायद्यात काय होतं? एक, कर्जापायी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकणं बंद झालं. दुसरं, न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा पाहून निकाल द्यायचा नाही. पहिले पैसे किती दिले, व्याज किती धरलं, मध्ये किती फेडले, सगळा हिशेब मागे जाऊन उकलायचा. आणि दामदुपटीचा आपला जुना नियम त्यात आला: एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज मागायचं नाही. शंभर दिले तर फार तर आणखी शंभर. बँकेच्या कर्जाला हा नियम सरसकट लागत नाही, याची नोंद ठेवा. पण सावकाराच्या बाबतीत तो आजही जिवंत आहे. त्याकडे येतो.

आता मूळ प्रश्न. कर्ज थकलं तर आज अटक होते का? वसुलीवाला फोनवर म्हणतो, "चारशेवीस लावतो, पोलीस घेऊन येतो." फसवणुकीचा गुन्हा केव्हा होतो? पैसे घेतानाच बुडवायचा हेतू असेल किंवा खोटी कागदपत्रं दिली असतील तर. घेताना द्यायचा इरादा होता, नंतर केळीचा भाव पडला, ऊस वाळला, घरात आजारपण आलं, हा दिवाणी वाद आहे. पोलिसांचं त्यात काम नाही. दिवाणी न्यायालयाने हुकूमनामा दिल्यावरही, पैसे असून लबाडीने देत नाही किंवा मिळकत लपवतो असं सिद्ध झालं तरच दिवाणी तुरुंगाचा प्रश्न येतो. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी लिहिलेला निकाल. गरीब आहे म्हणून देऊ शकत नाही, त्याला कोंडणं हे घटनेच्या एकविसाव्या कलमाच्या विरुद्ध जातं, असा त्याचा मथितार्थ. आणि भगिनींनो, पैशाच्या हुकूमनाम्यापायी स्त्रीला अटक करताच येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं छप्पन्नावं कलम. हा आकडा पाठ करा.

एक अपवाद मोठा आहे. चेक. चेक न वटणं हा मात्र गुन्हा होतो, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा. त्याची रीत अशी: चेक परत आल्याची खबर बँकेने दिल्यापासून ३० दिवसांत धनकोने लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे भरायचे, न भरल्यास पुढच्या महिन्याभरात तो फौजदारी न्यायालयात जाऊ शकतो. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैशाअभावी परत गेला तरी तसाच कायदा आहे. म्हणून चेकची नोटीस आली तर ती पोस्टमनला परत करून चालत नाही. त्या पंधरा दिवसांत वकील गाठायचा.

समजा, धनको दिवाणी न्यायालयात गेला आणि जिंकला. जप्ती आली. तरी सगळं नेता येत नाही. संहितेच्या साठाव्या कलमात यादी आहे, आणि आमच्या मते ती प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला हवी. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रिवाजाने स्त्री जो दागिना अंगावरून उतरवत नाही तो, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची औतं-अवजारं, न्यायालयाला पोटापाण्यासाठी आवश्यक वाटतील तेवढी जनावरं आणि बी-बियाणं. शेतकऱ्याचं किंवा मजुराचं राहतं घर. मजुराची मजुरी. भविष्य निर्वाह निधी. विम्याचे पैसे. पगारदाराच्या पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश.

मात्र ही यादी तारणाला लागत नाही. ट्रॅक्टर कर्जावर घेतला आणि तोच तारण असेल तर 'शेतीचं अवजार आहे' म्हणून तो वाचत नाही. घर स्वतः गहाण टाकलं असेल तर तेही. तारण कर्जात बँक न्यायालयात न जाताही २००२ च्या सरफेसी कायद्याने ताबा घेऊ शकते. पण आधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तुमच्या लेखी हरकतीला १५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ताब्याविरुद्ध तुम्हाला ४५ दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणात जाता येतं. शेतजमिनीला तो कायदा लागूच होत नाही. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकल रस्त्यात चार माणसांनी अडवून किल्ली हिसकावणं, हे कोणत्याच कायद्यात बसत नाही.

मग स्वतःहून दिवाळं जाहीर करता येतं का? येतं. फार थोड्यांना माहीत आहे. मुंबई, कोलकाता, चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा कायदा, आणि तुमच्या-आमच्यासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. शंभर वर्षं झाली, तरी तो आजही चालू आहे. कर्ज ५०० रुपये किंवा जास्त आणि फेडण्याची ऐपत नाही, एवढ्यावर जिल्हा न्यायालयात किंवा ज्या दिवाणी न्यायालयाला अधिकार दिला असेल तिथे अर्ज करता येतो. न्यायालयाने नादार ठरवलं की तुमची मिळकत न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. साठाव्या कलमात वाचलेली मिळकत इथेही वाचते. रिसीव्हर मिळकत विकून सगळ्या धनकोंना प्रमाणात वाटतो. एकेकट्या धनकोने वेगळी ओढाताण करायची नाही. तारणवाल्याचा तारणावरचा हक्क तेवढा राहतो. तुम्ही अटकेपासून संरक्षण मागू शकता. आणि शेवटी न्यायालय मुक्ततेचा हुकूम देतं, उरलेलं कर्ज संपतं. सरकारी देणं, फसवणुकीतलं देणं आणि बायकामुलांच्या पोटगीचं देणं मात्र त्यातून सुटत नाही. मुक्तता होईपर्यंत निवडणुकीच्या पदांना वगैरे तुम्ही अपात्र असता.

त्या कायद्यातलं एक कलम आम्हाला फार आवडतं. बेचाळिसावं. तुमची मिळकत कर्जाच्या रुपयामागे आठ आणेसुद्धा भरत नसेल तर न्यायालयाने बिनशर्त मुक्तता द्यायची नाही. पण ही अवस्था तुमच्या दोषामुळे आली नाही असं तुम्ही पटवून दिलंत तर द्यायची. शेतकऱ्याला आठ आणे म्हटल्यावर काय आठवतं? आणेवारी! पीक आठ आण्यांच्या, म्हणजे ५० पैशांच्या खाली गेलं की दुष्काळ, हा हिशेब आपल्या हाडात आहे. या कायद्याने माणसाचीही आणेवारी काढली आणि विचारलं, पाऊस पडला नाही की तू पेरलंच नाहीस? 'देता येत नाही' आणि 'द्यायचं नाही' यांतला फरक आम्ही वर्गात वर्षभर समजावत असू, तो इथे एका कलमात आहे.

नव्या कायद्याचं काय? २०१६ ची नादारी आणि दिवाळखोरी संहिता. कंपन्यांचं ऐकता ना, हजारो कोटींचं कर्ज, एवढ्यात तडजोड? ते त्या संहितेखाली. व्यक्तींसाठीही तिच्यात तिसरा भाग आहे. त्यात अगदी गरिबांसाठी 'नवी सुरुवात' नावाची सोय आहे: वर्षाचं उत्पन्न ६०,००० च्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, कर्ज ३५,००० च्या आत आणि स्वतःचं घर नसेल, तर कर्ज माफ होऊ शकतं. एका दुभत्या म्हशीची किंमत याहून जास्त होते, म्हणजे ज्याच्याकडे म्हैस आहे तो या हिशेबात गरीबच नाही. पण तोही मुद्दा बाजूला ठेवा. हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू केला आहे. तुम्हाआम्हाला तो लागूच झालेला नाही. कंपनी बुडाली तर तिच्यासाठी नवा कायदा आणि वेगळं न्यायाधिकरण, माणूस बुडाला तर १९२० चा कायदा. आमचं वय झालं, आता फार संताप करत नाही, पण याचा येतो.

म्हणून रोजच्या जगण्यात उपयोगी पडतात ते वसुलीचे नियम. समोरचा कोण आहे ते आधी पाहायचं.

बँक किंवा फायनान्स कंपनी असेल तर तिच्यावर रिझर्व्ह बँक आहे. वसुलीच्या माणसाकडे ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र हवं. ते मागायचं, फोटो काढायचा. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करायचा नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना, मित्रांना, ओळखीसाठी नाव दिलेल्यांना त्रास, हे सगळं मना आहे. माणूस बाहेरच्या एजन्सीचा असला तरी जबाबदारी बँकेचीच राहते.

गटाचं कर्ज, म्हणजे मायक्रोफायनान्स, त्याचे नियम आणखी कडक आहेत. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्यांना बिनतारण दिलेलं कर्ज ते हे. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जातील असं कर्ज त्यांनी द्यायचंच नाही. म्हणजे एकाच बाईच्या घरी चार कंपन्यांची कार्डं असतील तर पहिला प्रश्न त्या कंपन्यांना विचारायला हवा. सकाळी ९ च्या आधी, संध्याकाळी ६ नंतर वसुली नाही. वसुली ठरलेल्या जागी; दोनदा लागोपाठ तिथे आला नाहीत तरच घरी किंवा कामावर यायचं. दंड थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही. थकबाकीदारांची नावं जाहीर करायची नाहीत. हप्ता मिळेपर्यंत उंबऱ्यात ठाण मांडून बसणं, रात्री गटाच्या बायकांना घेऊन एकीच्या घरी जाणं, हे याच नियमांत मोडतं, म्हणजे मोडलं जातं.

तक्रार आधी बँकेकडे, लेखी. पोच घ्यायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पैसे लागत नाहीत, मराठीत लिहिता येतं, चौकशीसाठी १४४४८. धमकी असेल तर मात्र तीस दिवस थांबायचं नाही, सरळ पोलीस ठाण्यात अर्ज द्यायचा.

पतसंस्था ही रिझर्व्ह बँकेखाली येत नाही. तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे. पतसंस्थेला सहकार कायद्याने वसुलीचा दाखला मिळतो आणि तिचा वसुली अधिकारी जप्ती करू शकतो. म्हणून पतसंस्थेची नोटीस हलकी समजू नये. दाखल्याच्या सुनावणीला हजर राहून आपला हिशेब मांडावा. गैरहजर राहिलात तर त्यांचाच हिशेब खरा धरला जातो.

आता सावकार. २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा म्हणतो, परवान्याशिवाय सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद. शेतकऱ्याला परवानाधारक सावकाराने द्यायचा दर तारणावर वर्षाला ९ टक्के आणि बिनतारण १२ टक्के. वर्षाला बरं का! आपल्याकडे शेकडा पाच म्हणतात ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ६०. चक्रवाढ व्याज नाही, आणि मुद्दलाहून जास्त व्याज नाही. हीच ती दामदुपट. कर्जापायी सावकाराने जमिनीचं खरेदीखत करून घेतलं असेल, आणि ते पंधरा वर्षांच्या आतलं असेल, तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीचाच होता असं चौकशीत ठरलं तर तो खत रद्द करून जमीन परत देऊ शकतो. १८७९ साली रोख्यामागचा हिशेब उकला असं सांगितलं होतं, त्यातलाच हा नातू म्हणा.

मोबाइलवरच्या ॲपचं थोडक्यात सांगतो. कर्जाचं ॲप तुमच्या फोनमधली नावं आणि फोटो मागत असेल तर ते नियमाबाहेरचं आहे. फोटो बदलून बदनामी करायची धमकी आली तर १९३०.

आणि कागद. फोनवर ठरलेली तडजोड ही तडजोड नव्हे. 'इतके भरा, मिटवून टाकू' असं म्हटलं की बँकेच्या कागदावर पत्र मागा, मग पैसे भरा, तेही खात्यात, माणसाच्या हातात नाही. नंतर बेबाकीचा दाखला घ्या. पूर्ण फेड झाली की तारणाचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत; बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. बँकेने कर्ज 'राइट ऑफ' केलं म्हणजे माफ केलं असं नाही. तो त्यांच्या वहीतला विषय आहे, वसुली चालूच राहते. साध्या पैशाच्या दाव्याला मुदत तीन वर्षांची असते. त्या मुदतीत तुम्ही थोडे पैसे भरलेत किंवा लेखी कबुली दिलीत तर तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजतात. पाचशे रुपये तरी भरा म्हणून इतकी गळ का घालतात, ते आता कळलं असेल. हे आम्ही बुडवायला शिकवत नाही. ज्याला देता येतं त्याने द्यावं, आणि देता येणार नाही असं दिसताच हप्ता चुकायच्या आधी शाखेत जाऊन लेखी मुदतवाढ मागावी. दुष्काळ जाहीर झाला असेल तर पीककर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज द्यावा. लपून बसलेल्या माणसाबद्दल 'देता येत नाही' की 'द्यायचं नाही', हे न्यायाधीशाला कळणार कसं?

आता चिठ्ठ्या आल्या आहेत. नावं कुणी लिहिली नाहीत, ते बरंच झालं.

एका ताईंनी विचारलं आहे, गटातल्या एकीने हप्ता भरला नाही तर बाकीच्यांनी भरायचा का? ताई, तुमच्या अर्जावर एकमेकींची हमी लिहिली असेल आणि सही असेल तर देणं लागतं. कर्जाचं कार्ड आणि अर्ज तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळाला पाहिजे, तो मागून वाचा. पण देणं लागलं तरी तुम्हाला बैठकीत रात्रीपर्यंत अडकवून ठेवणं किंवा त्या बाईच्या घरावर तुम्हाला धाडणं, याचा अधिकार त्यांना नाही.

दुसरी चिठ्ठी जामीनदाराची. मित्राला सही दिली, तो पुण्याला गेला, बँक माझ्यामागे. बँक आधी त्याच्याकडे जायला बांधलेली आहे का? नाही. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. तुम्ही भरलेत तर ते पैसे आणि बँकेकडचं त्याचं तारण, दोन्हींवर तुमचा हक्क येतो. भरल्याची पावती स्वतःच्या नावाची घ्या.

तिसरी: लोकअदालतीची नोटीस आली आहे, गेलो नाही तर वॉरंट निघेल का? नाही. लोकअदालत दोघांच्या राजीखुशीने चालते. जायला हरकत नाही, कधी कधी चांगली सूट मिळते. पण तिथे सही केलेली तडजोड हुकूमनाम्यासारखी होते आणि तिच्यावर अपील नाही. तेव्हा महिन्याला तीन हजार झेपत असतील तर पाच हजारांवर सही करू नका, समोर कोणीही बसलेलं असो.

ही एक चिठ्ठी लांब आहे, सगळी वाचत नाही. ज्यांनी लिहिली त्यांनी कार्यक्रम संपल्यावर आमच्याजवळ येऊन बसावं, आम्ही रात्रीच्या गाडीपर्यंत इथेच आहोत. आणि आज घरी गेल्यावर पुन्हा तोच विचार आला तर १४४१६ हा नंबर, टेली मानस, कोणत्याही वेळी, मराठीत बोलता येतं. तुमचं कर्ज किती आहे ते तुम्ही लिहिलंय. त्या कर्जाला साठावं कलम आहे, मुदत आहे, तडजोड आहे, १९२० चा कायदा आहे. उद्या सकाळी कागद घेऊन करमाळ्याला विधी सेवा समितीत जायचं, एकट्याने नको, कुणाला तरी सोबत घेऊन.

शेवटची चिठ्ठी, अक्षर एखाद्या पोराचं दिसतंय. "फोनवर ते माझ्या आईला म्हणतात उद्या पोलीस आणतो. मी काय बोलू?" बोलायचं असं: तुमचं पूर्ण नाव सांगा, कोणत्या बँकेकडून बोलता ते सांगा, जे म्हणायचं ते लेखी पाठवा, आणि हा फोन मी रेकॉर्ड करतो आहे. एवढं बोलून तारीख-वेळ वहीत लिहायची, आणि फोन ठेवून द्यायचा.